कन्यांच्या हातीं दिलेलीं पुस्तकें



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत मंदिराच्या पायाभरणीपासून आजपर्यंतचा वृत्तांत इतर लेखकांनीं यथासांग दिलेलाच आहे. त्याची पुनरुक्ति करण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. आम्हांवर सोपविलेलें काम निराळें होतें. धर्मग्रामाच्या वाचनालयाचें जुनें कपाट उघडून त्यांतील ग्रंथांची यादी करावी, आणि त्यावरून सुचेल तो इतिहास लिहावा, असें महोत्सव समितीनें सुचविलें. त्याप्रमाणें आम्हीं तें कपाट उघडलें. खालच्या खणांत दोऱ्यानें बांधलेला एक गठ्ठा सांपडला. कांहीं पुस्तिका मराठी, कांहीं इंग्रजी; पुष्कळांस कसर लागलेली. बहुतेकांच्या मुखपृष्ठावर लिलीचें शुभ्र फूल, आणि आंत संत कुमारिकांचीं चरित्रें व तरुण कन्यांस केलेला उपदेश.

तो गठ्ठा सोडतांना आम्हांस एका जुन्या प्रसंगाची आठवण झाली. ती येथें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. कांहीं वर्षांपूर्वीं, जुलै महिन्याच्या ६ तारखेस, संत मरिया गोरेत्ती हिच्या सणानिमित्त आम्हीं धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मोठ्या मुलींस तिचें चरित्र सांगितलें. सांगण्याची रीति ह्या पुस्तिकांतलीच होती. कारण आम्हीं स्वतः तें चरित्र लहानपणीं असेंच ऐकिलें होतें. कथा संपल्यावर सुमारें चौदा वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “फादर, ती वांचली असती तर संत झाली असती काय? आणि त्या माणसानें जबरदस्ती केलीच असती, आणि ती जिवंत राहिली असती, तर?” आम्हीं तिला म्हटलें, “बैस बाळ, हा प्रश्न आतां नको.” आम्हांस वाटलें, वेळ निभावली. वास्तविक तें उत्तर नव्हतें, ती पळवाट होती. त्या मुलीनें पुन्हा कधीं कांहीं विचारलें नाहीं. म्हणून आज, उशिरानें कां होईना, त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आम्ही यत्न करणार आहोंत. त्यासाठीं प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, कन्यांसाठीं असें वाङ्मय निर्माण झालें कसें आणि त्यानें त्यांस काय शिकविलें.

आपल्या वडीलधाऱ्यांस परिचित असलेल्या मरियेच्या ‘सोडॅलिटी’चा उगम रोम शहरीं १५६३ सालीं झाला. जेज्वीट संघाचे जाँ ल्यूनिस ह्यांनीं रोमन कॉलेजांतील विद्यार्थ्यांची ती मंडळी स्थापिली. १५८४ सालीं पोप ग्रेगरी तेरावे ह्यांनीं तिला अधिकृत रूप दिलें. ती मंडळी मुलांची व पुरुषांची होती. स्त्रिया व कन्या ह्यांस रीतसर प्रवेश मिळाला तो १७५१ सालीं, पोप बेनेडिक्ट चौदावे ह्यांच्या अनुज्ञेनें. म्हणजे एकशें सदुसष्ट वर्षांनीं. मरियेच्या नांवानें चाललेल्या मंडळींत मरियेच्या लेकींस इतका काळ थांबावें लागलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पुढें १८३० सालीं पॅरिस शहरीं प्रेमकन्यांच्या संघांतील नवशिक्या भगिनी काथरिन लाबूरे हिला देवमातेचें दर्शन झालें, आणि त्यांतून ‘मरियेच्या कन्या’ ही तरुण मुलींची मंडळी उदयास आली. १८४७ सालीं पोप पायस नववे ह्यांनीं तिला मान्यता दिली. गळ्यांत निळी फीत व तिला अडकविलेलें पदक, ही त्या मंडळीची खूण धर्मभगिनींच्या शाळांबरोबर देशोदेशीं पसरली. जेथें मंडळी तेथें नियमपुस्तक, आणि जेथें नियमपुस्तक तेथें वाचनासाठीं चरित्रें व मासिकें, असा क्रम लागला. आपल्या मराठी भाषेंतही जर्मन जेज्वीट धर्मगुरु फादर हेन्री डोरिंग ह्यांनीं १९०३ सालीं ‘निरोप्या’ सुरू करून ख्रिस्ती कुटुंबांच्या घरीं धार्मिक वाचन पोंचविलें. हेच फादर डोरिंग पुढें पुण्याचे बिशप झाले.

ह्या वाङ्मयाचे उपकार विसरून चालणार नाहीं. ज्या काळीं मुलीस पत्र आलें तरी तें बापानें किंवा भावानें उघडावें अशी रीति होती, त्या काळीं कोणीतरी तिला उद्देशून लिहिलें. तुझा आत्मा अमोल आहे, तुझ्या प्रार्थनेस स्वर्गांत किंमत आहे, असें तिला सांगितलें. मंडळीच्या सभेंत मुलींनीं आपल्या अध्यक्षा निवडाव्या, आजाऱ्यांस भेटावें, गरिबांसाठीं शिवणकाम करावें, ह्यांतून पुष्कळींस घराबाहेरच्या कर्तृत्वाची पहिली चव मिळाली. कपाटांतील गठ्ठ्यास कसर लागली म्हणून तो सारा टाकून द्यावा, असें म्हणणारे आम्ही नाहीं.

परंतु त्याच पानांवर दुसराही एक उपदेश होता. मुलीनें मृदु बोलावें, खालीं पाहून चालावें, आज्ञा पाळावी, दुःख मुकाट्यानें सोसावें. तिची शुचिता म्हणजे कांचेचें भांडें. एकदां तडकलें कीं सांधावयाचें नाहीं. त्या भांड्याचें रक्षण तिनें पोशाखानें, नजरेनें आणि वागणुकीनें करावयाचें. १९३० सालच्या जानेवारीच्या १२ तारखेस रोमहून स्त्रियांच्या पोशाखाविषयीं एक सूचनापत्र निघालें. त्यांत धर्मगुरु, मातापिता व शाळाचालक भगिनी ह्यांस आपापलीं कर्तव्यें नेमून दिलीं होतीं. मुलींस व्यायामाच्या सार्वजनिक खेळांपासून व स्पर्धांपासून दूर ठेवावें, असेंही मातापित्यांस सांगितलें होतें. पुरुषांच्या नजरेस शिस्त लावण्यासाठीं तितक्याच तपशिलाचें पत्र त्या वर्षीं निघालें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, शुचितेचा उपदेश मुलग्यांसही होताच कीं! खरें आहे. संत अलॉयसियस गोन्झागा हा १७२९ सालापासून तरुणांचा आश्रयदाता मानला गेला, आणि त्याच्या हातींही लिलीचें फूल असतेंच. १८४९ सालीं आपल्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशीं बालक डॉमिनिक सॅव्हिओ ह्यानें निश्चय केला कीं, पाप करण्यापेक्षां मरण पत्करीन. परंतु दोहोंमध्यें एक भेद आहे, आणि तो आमच्या ध्यानांत फार उशिरां आला. सॅव्हिओच्या निश्चयांत ‘पाप’ म्हणजे सॅव्हिओनें स्वतः करावयाचें पाप. तें करावें कीं न करावें, हें त्याच्या हातीं होतें. हेंच वचन जेव्हां मुलींच्या पुस्तिकेंत उतरलें, तेव्हां पाप करणारा दुसराच होता आणि मरण मात्र तिच्या वाट्यास आलें. मुलाची शुचिता ही त्याची करणी ठरली. मुलीची शुचिता ही चोरांस नेतां येण्याजोगी वस्तु ठरली. एकच शब्द, पण दोन अर्थ.

संतांच्या चरित्रांसही ह्या दृष्टीचा रंग चढला. लिझ्यूची लघुपुष्प संत तेरेजा हिचें उदाहरण घ्या. ती १८९७ सालीं वारली, आणि बरोबर एका वर्षानें तिचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. तिची वडील बहीण व मठाची मदर आग्नेस हिनें प्रेमानें, पण फार मोकळ्या हातानें, त्यांत फेरफार केले होते. तिचीं छायाचित्रेंही दुसरी बहीण सेलीन हिनें अधिक गोड दिसावीं म्हणून हातानें सुधारलीं. मूळ हस्तलिखितें जशींच्या तशीं जगापुढें आलीं तीं १९५६ सालीं. आपण मुलींस सांगितली ती गुलाबाच्या पाकळ्या उधळणारी हंसरी बालिका. परंतु ह्याच तेरेजेनें लिहून ठेविलें आहे कीं, योद्धा, धर्मगुरु, प्रेषित, पंडित व रक्तसाक्षी ह्या साऱ्यांच्या पाचारणाची ओढ आपल्या अंतःकरणांत आहे. मठांतील नाटकासाठीं तिनें चिलखत घालून जोन ऑफ आर्कची भूमिका केली होती. मठाबाहेर पाऊल न टाकलेल्या ह्या कुमारिकेस ख्रिस्तसभेनें १९२७ सालीं संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीनें मिशनकार्याची आश्रयदात्री केलें, आणि १९९७ सालीं ‘ख्रिस्तसभेची आचार्या’ ही पदवी दिली. पाकळ्या खऱ्याच होत्या. पण चिलखतही खरें होतें. मुलींच्या पुस्तिकेंत मात्र पाकळ्याच शिल्लक राहिल्या.

आतां मरिया गोरेत्तीकडे वळूं.

ती १८९० सालच्या ऑक्टोबरच्या १६ तारखेस इटलींतील कोरिनाल्दो गांवीं एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं जन्मली. पोटासाठीं गांव सोडून तें कुटुंब अखेर नेत्तुनोजवळच्या दलदलीच्या मुलुखांत, ले फेरिएरे येथें, दुसऱ्याची जमीन वाट्यानें कसावयास आलें. तेथें हिवतापाचें थैमान होतें. १९०० सालीं बाप लुईजी त्या तापानें गेला. आई आसुंता हिनें नवऱ्याच्या जागीं शेतांत राबावें आणि मरियेनें घर चालवावें, असें ठरलें. स्वयंपाक, धुणें, धाकट्या भावंडांची निगा, सारें तिच्यावर. शाळा तिनें पाहिलीच नाहीं. त्याच घरांत सेरेनेल्ली नांवाचें बापलेकांचें दुसरें बिऱ्हाड होतें. त्यांचेंही रांधणें व कपडे सांभाळणें तिच्याचकडे. मुलगा अलेस्सांद्रो वीस वर्षांचा. त्यानें तिला पूर्वींही छळलें होतें, आणि कोणास सांगशील तर जीव घेईन अशी धमकी दिली होती. भीतीनें ती गप्प राहिली.

१९०२ सालच्या जुलैच्या ५ तारखेस बाहेर शेंगांची मळणी चालली असतां, ती जिन्याच्या माथ्यावर ह्याच अलेस्सांद्रोचा सदरा शिवत बसली होती. शेजारीं तान्ही बहीण निजली होती. त्यानें तिला ओढून आंत नेलें. ती नाहीं म्हणाली. हें पाप आहे, देवाला हें नको आहे, तूं नरकांत जाशील, असें तिनें त्यास बजाविलें. त्यानें आरीसारख्या टोंकदार हत्यारानें तिला चौदा वेळां भोंसकलें. नेत्तुनोच्या इस्पितळांत भूल न देतां तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशीं, त्या मनुष्यास मनापासून क्षमा करून, आणि तो स्वर्गांत आपल्याजवळ असावा अशी इच्छा बोलून दाखवून, तिनें प्राण सोडला. तिला बारावें वर्षही पुरें झालेलें नव्हतें.

वाचकहो, ह्या कथेंत एक गोष्ट नीट पाहा. तिनें ‘तूं नरकांत जाशील’ असें म्हटलें. ‘मी नरकांत जाईन’ असें म्हटलें नाहीं. पाप कोणाचें, हें त्या अक्षरशून्य मुलीस मरणाच्या दारांतही पक्कें ठाऊक होतें. पुस्तिका लिहिणाऱ्या आम्हां विद्वानांसच त्याचा विसर पडला.

१९४७ सालच्या एप्रिलमध्यें पोप पायस बारावे ह्यांनीं तिला धन्य घोषित केलें, आणि १९५० सालच्या जूनच्या २४ तारखेस संतपद दिलें. गर्दी एवढी लोटली कीं, तो विधि मंदिराबाहेर संत पेत्राच्या चौकांत करावा लागला. वृद्ध माता आसुंता तेथें हजर होती. महायुद्ध नुकतेंच संपलेलें, घरेंदारें मोडलेलीं, समाजाची घडी विस्कटलेली. अशा वेळीं तरुण पिढीसमोर एक निर्मळ आदर्श ठेवावा, हा हेतु योग्यच होता. येथें हेंही नमूद केलें पाहिजे कीं, ह्याच पायस बारावे ह्यांनीं १९४५ सालच्या ऑक्टोबरमध्यें इटलींतील स्त्रियांस सार्वजनिक जीवनांत आपलें कर्तव्य बजावण्याचें आवाहन केलें होतें, आणि १९४६ सालच्या जूनमध्यें त्या देशाच्या स्त्रियांनीं राष्ट्रीय निवडणुकींत प्रथमच मत दिलें. म्हणजे रोमहून दोन निरोप निघाले होते. मुलींच्या पुस्तिकांनीं एकच उचलला, आणि तोही अर्धा.

अर्धा तो असा. दारिद्र्य, हिवताप, शाळेचा अभाव, परक्या पुरुषाचें बिऱ्हाड, धमकी आणि भीतीनें धरलेलें मौन, ह्या साऱ्यांनीं मिळून त्या मुलीस एकटी पाडलें होतें. पुस्तिकांनीं त्याचा विचार केला नाहीं. तिचें मौन म्हणजे सहनशीलता, असें मानून त्याची स्तुति केली. तिच्या क्षमेस शेवटचीं चार वाक्यें मिळालीं. आणि ‘मेली पण डागाळली नाहीं’ हें तात्पर्य ठळक अक्षरांत छापलें. त्या वाक्याची दुसरी बाजू कोणीं लिहिली नाहीं, पण वाचणाऱ्या मुलीस ती आपोआप ऐकूं आली: जी मेली नाहीं, ती डागाळली. ज्या मुलीवर असा प्रसंग खरोखरीच गुदरला असेल, तिनें तें पान कसें वाचलें असेल? आमच्या वर्गांत प्रश्न विचारणारी मुलगी त्या पानाची दुसरी बाजूच वाचून दाखवीत होती.

ही दुसरी बाजू ख्रिस्तसभेची शिकवण आहे काय? नाहीं, आणि कधींही नव्हती. ४१० सालीं रोम शहर लुटलें गेलें, तेव्हां पुष्कळ ख्रिस्ती स्त्रियांवर व समर्पित कुमारिकांवर अत्याचार झाले. लोक त्यांसच दोष देऊं लागले. त्यांनीं प्राण कां दिला नाहीं, असें विचारूं लागले. संत आगस्टिन ह्यांनीं आपल्या ‘देवाचें नगर’ ह्या ग्रंथाच्या पहिल्याच भागांत त्यांचा कैवार घेतला. शुचिता हा मनाचा सद्गुण आहे. मनाची संमति नसतां दुसऱ्याच्या वासनेनें तो नष्ट होत नाहीं. पाप करणाऱ्याचें, सोसणाऱ्याचें नव्हे. आणि ज्यांनीं प्राण दिला नाहीं त्यांनीं योग्यच केलें, असा त्यांचा निर्वाळा आहे. आठशें वर्षांनीं संत थॉमस अक्वायनस ह्यांनीं तोच सिद्धांत उचलून धरिला. हा विषय आम्ही सेमिनरींत शिकलों, त्यावर परीक्षाही दिली. आणि मुलींच्या वर्गांत शिरतांना तो दाराबाहेर ठेवून आलों.

पवित्र शास्त्रही तेंच सांगतें. दानिएलाच्या ग्रंथांतील सुसान्ना दोघां वृद्धांच्या धमकीपुढें झुकली नाहीं; मोठ्यानें ओरडली; आणि देवानें तिला वांचविलें. ती जगली, म्हणून तिची थोरवी कमी झाली नाहीं. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथांत तामारेवर तिच्या सावत्र भावानें बळजबरी केली. तिनें राख डोक्यांत घालून भर रस्त्यांत आक्रोश केला, आणि शास्त्रानें तिच्या नांवास कोठेंही बट्टा लावला नाहीं. धिक्कार आहे तो अम्नोनाचा.

अलीकडील परमगुरूंनीं ही जुनी शिकवण पुन्हा उजेडांत आणिली आहे. १९६३ सालीं पोप जॉन तेविसावे ह्यांनीं ‘पाचेम इन तेर्रिस’ ह्या परिपत्रकांत, स्त्रिया आपल्या मानवी प्रतिष्ठेची जाणीव ठेवून हक्क मागत आहेत, हें काळाचें लक्षण म्हणून नोंदविलें. १९८८ सालीं पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं स्त्रीच्या प्रतिष्ठेविषयीं लिहितांना, प्रभूपुढें आणलेल्या व्यभिचारिणीच्या कथेकडे बोट दाखविलें: स्त्री एकटी चव्हाट्यावर उभी, आणि तिच्या पापामागील पुरुष कोठेंतरी दडलेला. १९९५ सालीं स्त्रियांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ख्रिस्तसभेच्या लेकरांकडून झालेल्या अन्यायाबद्दल खेद व्यक्त केला, आणि स्त्रियांवरील लैंगिक अत्याचाराचा कडक निषेध केला.

आतां त्या मुलीस आमचें उत्तर.

बाळ, रक्तसाक्षी ही पदवी प्राणार्पणावांचून मिळत नाहीं. म्हणून मरिया वांचली असती तर ती पदवी तिला मिळाली नसती. परंतु संतपण त्या पदवीवर अवलंबून नाहीं. जखमांपेक्षां मोठी गोष्ट तिची क्षमा होती. अलेस्सांद्रो १९२९ सालीं तुरुंगांतून सुटला. १९३४ सालच्या नाताळांत तो आसुंतेच्या दारीं गेला. तिनें त्यास क्षमा केली, आणि दोघांनीं एकाच वेदीपाशीं ख्रिस्तप्रसाद घेतला. आसुंता जिवंत होती, आणि तिची ही क्षमा लेकीच्या क्षमेहून उणी नव्हती. तूं दुसरें विचारलेंस: जबरदस्ती झाली असती आणि ती जगली असती तर? तर देवापुढें तिनें कांहींही गमावलें नसतें. तिच्या शुभ्रतेस डाग लागला नसता. कारण तो डाग दुसऱ्याच्या हातावरचा होता. सुदानच्या संत जोसेफीन बकिताचें नांव ध्यानांत ठेव. लहानपणीं तिला पळवून गुलाम केलें, फटके मारिले, देहावर जखमांची नक्षी कोरिली. ती जगली, आपल्या छळणाऱ्यांस क्षमा केली, आणि १९४७ सालीं, मरिया धन्य घोषित झाली त्याच वर्षीं, वार्धक्यांत शांतपणें वारली. २००० सालीं ख्रिस्तसभेनें तिला संत म्हणून वेदीवर बसविलें. जगणाऱ्यांसही वेदीवर जागा आहे.

क्षमेविषयीं आणखी एक शब्द. क्षमा ही मुलीनें स्वखुशीनें द्यावयाची देणगी आहे. ती तिच्याकडून वसूल करण्याचा आम्हां वडीलधाऱ्यांस अधिकार नाहीं. आणि क्षमा म्हणजे मौन नव्हे. अलेस्सांद्रोस क्षमा मिळाली, तरी न्यायालयाची शिक्षा चुकली नाहीं. आपल्या देशांत २०१२ सालच्या कायद्यानें बालकांवरील असा अपराध कळल्यास तो कळविणें बंधनकारक केलें आहे. तेव्हां मुलींनो, कोणी धमकी दिली तर मरियेप्रमाणें एकटें सोसूं नका. सुसान्नेप्रमाणें मोठ्यानें ओरडा. आणि मातापित्यांनो, तुमची मुलगी बोलूं लागली तर आम्हीं केली ती चूक करूं नका. तिला ‘बैस’ म्हणूं नका.

तो गठ्ठा आम्हीं पुन्हा बांधून कपाटांत ठेविला आहे. त्या पुस्तिकांवर आमच्या आज्यांनीं आपलीं नांवें घालून ठेविलेलीं आहेत. त्यांच्या भक्तीचा तो ठेवा आहे. मात्र त्याच खणांत त्यांच्या शेजारीं आगस्टिनाचा ग्रंथ, सुसान्नेची कथा आणि बकितेचें चरित्र ठेवावें, आणि येत्या जुलैच्या ६ तारखेस चारही मिळून वाचावीं, असा आमचा संकल्प आहे. त्या दिवशीं मुलग्यांचाही वर्ग त्याच खोलींत बसेल. कारण हा धडा त्यांचा अधिक आहे.

ती प्रश्न विचारणारी मुलगी आतां मोठी झाली असेल. ही स्मरणिका तिच्या हातीं पडली, तर आमच्या उशिराची तिनें क्षमा करावी, अशी विनंती आहे, आग्रह नाहीं. देवमाता तिचें व आपल्या धर्मग्रामांतील सर्व कन्यांचें रक्षण करो, आणि त्यांचें बोलणें ऐकण्याचें धैर्य आम्हांस देवो. आमेन.